मनाची विचारपूस

(२०२० व २०२१ या वर्षांत कोरोनाच्या साथीमुळे शाळा बंद होत्या. मुले घरी बसून मोबाइलवर शिकत होती. त्या काळात मुलांच्या मनाला काय सोसावे लागले आणि त्यापासून आपण काय शिकायचे, हे या पाठात सांगितले आहे.)



तुमच्या वर्गात रोज हजेरी होते. बाई किंवा सर एकेक नाव घेतात आणि तुम्ही 'हाजिर' म्हणता. उर्दूतील 'हाजिर' तोच मराठीतील 'हजर'. तुम्हांला वाटत असेल, हजेरी म्हणजे हजेरीपटावरची एक खूण. पण थोडा विचार करा. एखादे नाव दोन-तीन दिवस तसेच राहिले, की बाई वर्गाला विचारतात, "हिच्या घराजवळ कोण राहते? काय झाले आहे तिला?" म्हणजे हजेरी घेताना बाई नुसती मुले मोजत नाहीत. प्रत्येकाची विचारपूसही करतात.

२०२० साली ही हजेरी एकाएकी थांबली.

तुम्ही तेव्हा लहान होता. त्यामुळे सगळेच तुम्हांला आठवत नसेल. मार्चच्या मध्यास महाराष्ट्रातील शाळा बंद झाल्या. २२ मार्चला जनता कर्फ्यू झाला आणि २५ मार्चपासून देशभर टाळेबंदी लागू झाली. दहावीचा भूगोलाचा पेपर २३ मार्चला व्हायचा होता. तो आधी पुढे ढकलला गेला आणि नंतर रद्दच झाला. पहिली ते आठवीच्या मुलांना परीक्षा न घेता वरच्या वर्गात घालण्यात आले. पुष्कळ मुलांना आनंद झाला. त्यांना वाटले, यंदा सुट्टी लवकर लागली!

पण ही सुट्टी नव्हती. सुट्टीत मामाच्या घरी जाता येते, मैदानावर खेळता येते. इथे तर दाराबाहेर पाऊल टाकण्याचीही भीती होती. त्या वर्षी ईदची नमाज लोकांनी घरीच अदा केली. गळाभेट झाली नाही. आपल्या जिल्ह्यातील पंढरपूरला दरवर्षी लाखो वारकरी पायी येतात. त्या वर्षी संतांच्या पादुका एस. टी. बसने आणाव्या लागल्या. माणसांनी एकमेकांना भेटणेच थांबले होते. एप्रिल २०२० मध्ये जगातील दीडशे कोटींहून अधिक विद्यार्थ्यांच्या शाळा बंद होत्या, असे युनेस्को या जागतिक संस्थेने सांगितले.

आता आपण आपल्याच भागातील एका वस्तीत जाऊ. सोलापूरहून पुण्याकडे निघाले, की महामार्गावर चिंचोळी एमआयडीसी लागते. एमआयडीसी म्हणजे महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ. हे महामंडळ १९६२ साली स्थापन झाले. कारखान्यांसाठी जागा, रस्ते, पाणी यांची सोय करणे हे त्याचे काम. महामंडळाने वसवलेल्या औद्योगिक वसाहतीलाही लोक एमआयडीसीच म्हणतात. चिंचोळीच्या वसाहतीत कापडाचे, रसायनांचे आणि इतर कारखाने आहेत. एरवी इथे दिवसरात्र वर्दळ असते. पण टाळेबंदीत यंत्रे थांबली, रस्ते ओस पडले आणि हातावर पोट असणाऱ्या कामगारांच्या घरी काळजी येऊन बसली.

या वसाहतीजवळ राहणारी एक मुलगी डोळ्यांसमोर आणा. तिला आपण सलमा म्हणू. सलमा ही कोणी एक मुलगी नाही. त्या काळातील अनेक मुलामुलींचे अनुभव तिच्या गोष्टीत एकत्र आले आहेत.

सलमा तेव्हा सातवीत होती. तिचे अब्बा टॉवेलच्या कारखान्यात कामाला होते. भाईजान दहावीत होता. दोन खोल्यांच्या, पत्र्याच्या घरात पाच माणसे राहत. शाळा सुरू असताना सलमा वर्गात पहिल्या बाकावर बसे. मराठीची कविता तिला सर्वांआधी पाठ होई.

जूनमध्ये शाळा मोबाइलवर सुरू झाली. घरात मोबाइल एकच होता. भाईजानचे दहावीचे वर्ष, म्हणून मोबाइल आधी त्याला मिळे. पुढे कारखाना सुरू झाला, तेव्हा अब्बा मोबाइल कामावर नेऊ लागले. सलमाच्या वाट्याला तो रात्री येई. तोवर दिवसाचे इंटरनेट संपलेले असे. कधी दिवसा तास मिळालाच, तर बाईंचा चेहरा पडद्यावर थांबून राही आणि आवाज पुढे निघून जाई. वर्गातील इतर मुली रोज चार-पाच पानांचा अभ्यास लिहून त्याचे फोटो पाठवत. ते फोटो पाहून सलमा हिरमुसली होई.

"सलमा, अभ्यास का पाठवला नाहीस?" बाईंनी विचारले.

"बाई, नेटवर्क नव्हते," तिने उत्तर दिले.

ते खरे होते. पुढच्या आठवड्यात तिने तेच उत्तर दिले, तेव्हा ते अर्धेच खरे होते. मागे पडलेला अभ्यास आता समजेनासा झाला होता आणि ते सांगण्याची तिला लाज वाटत होती. त्यानंतर तिने उत्तर देणेच सोडून दिले.

याच दिवसांत सोलापुरात तिची नानी वारली. टाळेबंदीमुळे अम्मीलाही शेवटचे तोंड पाहायला जाता आले नाही. अम्मी रडे, पण मुलांदेखत बोलत नसे. सलमाही बोलली नाही. तिला रात्री झोप येईना आणि सकाळी उठावेसे वाटेना. पोटात दुखे, पण औषधाने बरे वाटेना. आवडीची शेवयांची खीरही तिने बाजूला सारली. लहान भावावर ती विनाकारण खेकसू लागली.

"ही पोरगी आळशी झाली आहे," अम्मी म्हणाली.

"आता कसली शाळा आणि कसला अभ्यास!" घरी आलेली चाची म्हणाली. "घरी बसून टॉवेलच्या कडा शिवू दे. चार पैसे तरी येतील."

अब्बा काहीच बोलले नाहीत. सलमाही गप्प राहिली. मुलांनो, सर्वांत मोठा धोका होता तो या गप्प बसण्यात. सलमाने 'मला शिकायचे नाही' असे कधीच म्हटले नव्हते. पण 'मला शिकायचे आहे' असे म्हणण्याचे बळही तिच्यात उरले नव्हते.

सलमा खरेच आळशी झाली होती का? नाही. तिचे मन दुखावले होते, थकले होते. ताप आला तर कपाळाला हात लावून कळतो. मनाच्या दुखण्याचे तसे नाही. ते डोळ्यांना दिसत नाही, म्हणून लोक त्याला आळस, हट्ट किंवा नाटक म्हणतात.

टाळेबंदीत मुलांच्या मनावर ताण का आला, ते पाहा. पहिले कारण म्हणजे दिवसाची घडी विसकटली. उठणे, शाळेत जाणे, खेळणे, झोपणे यांच्या वेळा ठरलेल्या असल्या, की मनालाही आधार वाटतो. दुसरे कारण म्हणजे सोबत तुटली. डब्यातला घास वाटून खाताना आणि मैदानावर धावताना मन आपोआप हलके होते. मोबाइलच्या पडद्यावर ते घडत नाही. तिसरे कारण म्हणजे भीती आणि दुःख. आजार, मृत्यू, गेलेली मजुरी यांविषयी मोठी माणसे कुजबुजत. मुले ते ऐकत, पण त्यांना कोणी समजावून सांगत नसे. चौथे कारण म्हणजे लाज. मोबाइल नसणे हा मुलांचा दोष नव्हता. तरी पुष्कळ मुलांना तो आपलाच दोष वाटला.

आता पुन्हा सलमाच्या घरी जाऊ. एक दिवस दुपारी तिच्या बाकावरची मैत्रीण दारात आली. तोंडाला मास्क लावून ती चार हात दूर उभी राहिली. सलमाला वाटले, आता ही अभ्यासाचे विचारणार. तिने मान खाली घातली. पण मैत्रिणीने अभ्यासाचे नावही काढले नाही. ती एवढेच म्हणाली, "सलमा, तू कशी आहेस?"

किती साधा प्रश्न! पण गेल्या तीन महिन्यांत तो तिला कोणी विचारलाच नव्हता. सलमाच्या डोळ्यांत पाणी आले. नानी, मोबाइल, न समजलेले गणित, चाचीचे बोलणे, सारे तिने सांगून टाकले. मैत्रीण मध्ये काही बोलली नाही. तिने उपदेश केला नाही आणि 'रडू नकोस' असेही म्हटले नाही. तिने फक्त ऐकून घेतले. आत बसलेल्या अम्मीनेही ते ऐकले.

"तुझ्या मनात हे सारे होते? मग मला का नाही सांगितलेस, बेटी?" अम्मीने विचारले.

"तूच रडत होतीस, अम्मी. तुला कसे सांगू?" सलमा म्हणाली.

त्या रात्री मायलेकी नानीच्या आठवणी काढत उशिरापर्यंत बोलत बसल्या. मैत्रिणीने सलमाला विचारून बाईंना तिची अडचण कळवली. बाई दर दोन दिवसांनी अब्बांच्या फोनवर, ते कामावरून परतल्यावर, पाच मिनिटे बोलू लागल्या. अब्बांनी चाचीला सांगितले, "सलमा शिकणार." मैत्रीण आपली वही आणून देई आणि सलमा ती उतरवून घेई. सगळे एका दिवसात चांगले झाले नाही. गणित पुढेही तिला जड गेले. पण तिला झोप लागू लागली आणि तिचे नाव हजेरीपटावर राहिले.

मित्रांनो, त्या काळात आपल्या जिल्ह्यात अनेक शिक्षकांनी मुलांपर्यंत पोहोचण्याचा प्रयत्न केला. सोलापूर शहरातील नीलमनगर भागात कापड कारखान्यांतील कामगारांची बरीच कुटुंबे राहतात. तेथेही अनेक घरांत स्मार्टफोन नव्हते. तेव्हा आशा मराठी विद्यालयाच्या शिक्षकांनी एक युक्ती केली. २०२० साली त्यांनी वस्तीतील सुमारे ३०० घरांच्या भिंतींवर पहिली ते दहावीचे धडे रंगवून घेतले. मुळाक्षरे, अंक, व्याकरण, गणिताची सूत्रे, विज्ञानातील आकृत्या साऱ्या भिंतींवर आल्या. मुले मोकळ्या हवेत, अंतर राखून, भिंतीसमोर उभी राहून शिकू लागली. राज्यातही असे प्रयत्न झाले. जुलै २०२० पासून दूरदर्शनच्या सह्याद्री वाहिनीवर पहिली ते आठवीसाठी 'टिलीमिली' ही मालिका सुरू झाली. तिला इंटरनेट लागत नव्हते.

भिंतींवरच्या त्या धड्यांनी मुलांना अभ्यास तर दिलाच, पण त्याहून मोठी एक गोष्ट दिली. 'आमच्या शाळेला आमची आठवण आहे,' असे त्यांना वाटले. मनाला उभारी देणारी गोष्ट तीच.

पुढे शाळा कधी उघडल्या, कधी पुन्हा बंद झाल्या. ४ ऑक्टोबर २०२१ पासून गावांत पाचवीपासूनचे आणि शहरांत आठवीपासूनचे वर्ग सुरू झाले. लहान मुलांना आणखी वाट पाहावी लागली. मुले परत आली, तेव्हा काहींना वाचता येईना, काहींना गर्दीची भीती वाटे, काही वर्गात गप्प बसून राहत. काही मुले परत आलीच नाहीत. कोणी कामाला लागले होते, तर काही मुलींची लग्ने लहान वयातच उरकली होती. शाळेचे दार उघडले, म्हणून मनाचे दारही त्याच दिवशी उघडते असे नाही.

ऑक्टोबर २०२१ मध्ये युनिसेफने मुलांच्या मानसिक आरोग्याविषयी एक अहवाल प्रसिद्ध केला. त्यासाठी २१ देशांतील तरुणांना विचारले होते, "मनाचा त्रास होत असेल, तर दुसऱ्याची मदत घेणे चांगले का?" या देशांत सरासरी १०० पैकी ८३ जणांनी 'होय' म्हटले. भारतात मात्र १५ ते २४ वर्षे वयाच्या १०० पैकी फक्त ४१ जणांनी 'होय' म्हटले. म्हणजे आपल्याकडे निम्म्याहून अधिक मुलांना वाटते, की मनाचे दुखणे मनातच ठेवावे. पायात काटा रुतला तर आपण तो लपवून ठेवतो का? मग मनातला काटा का लपवावा?

टाळेबंदी संपली. पण मनावर ताण येण्याचे प्रसंग संपले नाहीत. परीक्षा असते, घरात भांडण असते, जवळचे माणूस दुरावते, कोणी वर्गात चिडवते. म्हणून काही गोष्टी लक्षात ठेवा.

झोपेची, जेवणाची व अभ्यासाची वेळ ठरवा. रोज थोडा वेळ मोकळ्या हवेत खेळा. झोपण्यापूर्वी मोबाइल दूर ठेवा. मनात साठलेले आई-वडील, मोठे भावंड, शिक्षक यांपैकी एकाला तरी सांगा. एकाने ऐकले नाही, तर दुसऱ्याला सांगा. उदासपणा दोन आठवडे टिकला, झोप व भूक गेली, आवडत्या गोष्टीही नकोशा झाल्या, तर डॉक्टरांना भेटले पाहिजे. स्वतःला इजा करावी किंवा जगू नये असा विचार मनात आला, तर मात्र क्षणभरही थांबू नका. त्याच वेळी जवळच्या मोठ्या माणसाला सांगा. १४४१६ हा 'टेली-मानस' सेवेचा क्रमांक आहे. भारत सरकारने ही सेवा २०२२ साली सुरू केली. तेथे फोनवर मोफत सल्ला मिळतो. संकटातील मुलांसाठी १०९८ हा क्रमांक आहे. सरकारी वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात मनाच्या आजारांचे डॉक्टरही असतात. त्यांच्याकडे जाणे म्हणजे वेडे असणे नव्हे. दात दुखला म्हणून दाताच्या डॉक्टरांकडे जाण्यासारखेच ते आहे.

आणि आपला मित्र गप्प झाला असेल तर? त्याला हसू नका. त्याचे गुपित वर्गभर करू नका. त्याच्याजवळ बसा आणि त्याचे ऐका. त्याच्या जिवाला धोका आहे असे वाटले, तर मात्र ते गुपित ठेवू नका. शिक्षकांना लगेच सांगा.

उर्दूत एक सुंदर शब्द आहे, 'मिजाजपुर्सी'. कोणी आजारी असेल, तर आपण त्याच्या मिजाजपुर्सीला जातो. मराठीत याला 'विचारपूस' म्हणतात. 'ख्यालीखुशाली विचारणे' असेही म्हणतात. त्यातील 'खुशाली' ही तुमच्या 'खुशहाली'ची बहीणच आहे. दोन्ही भाषांनी आपल्याला एकच गोष्ट शिकवली आहे. माणसाने माणसाला 'कसा आहेस?' असे विचारावे आणि उत्तर ऐकायला थांबावे.

उद्या सकाळी वर्गात हजेरी होईल. तुमचे नाव आले, की मोठ्याने 'हाजिर' म्हणा. मग शेजारच्या बाकाकडेही एकदा पाहा. तिथे कोणी हजर असूनही हरवलेले असेल, तर मधल्या सुट्टीत त्याच्याजवळ जा. सलमाची मैत्रीण गेली होती, तसेच.

शब्दार्थ

टाळेबंदी – साथ पसरू नये म्हणून सर्व व्यवहार बंद ठेवणे
वर्दळ – ये-जा, गजबज
ओस पडणे – रिकामे, निर्जन होणे
हिरमुसणे – मन नाराज होणे
खेकसणे – रागाने ओरडून बोलणे
उभारी – उत्साह, बळ

स्वाध्याय

प्र. १. एका वाक्यात उत्तरे लिहा.
(अ) सलमाचे अब्बा कोठे काम करत होते?
(आ) मैत्रिणीने सलमाला कोणता प्रश्न विचारला?
(इ) नीलमनगरमध्ये धडे कोठे रंगवण्यात आले?

प्र. २. कारणे लिहा.
(अ) सलमाने बाईंना उत्तर देणे सोडून दिले.
(आ) अम्मीला सलमा आळशी वाटली.

प्र. ३. चार-पाच वाक्यांत उत्तर लिहा.
टाळेबंदीत मुलांच्या मनावर ताण येण्याची कारणे कोणती?

प्र. ४. वाक्यात उपयोग करा.
मन हलके होणे, मान खाली घालणे, हातावर पोट असणे, विचारपूस करणे.

प्र. ५. 'हाजिर – हजर' यांप्रमाणे उर्दूत व मराठीत सारखे असणारे पाच शब्द शोधून लिहा.

उपक्रम : टाळेबंदीचे दिवस कसे गेले, ते घरातील मोठ्या माणसांना विचारा. त्यांचे बोलणे शांतपणे ऐका आणि दहा ओळींत मराठीत लिहा.